सोनं शोधू द्या, पण ॲसिड घरात नको

ताई, नमस्कार.

आमचे हे दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. जन्मभर यंत्रांत रमलेला माणूस, घरी बसून करणार काय, म्हणून मीच म्हटलं होतं की काहीतरी छंद लावून घ्या. त्यांनी लावून घेतला तो सोनं काढायचा. आधी नदीवर जायचे, वाळू धुऊन बघायचे. चार-पाच फेऱ्यांत हाती काही लागलं नाही, तेव्हा जुन्या कॉम्प्युटरच्या सर्किट बोर्डांकडे वळले. आता गच्चीवर बोर्डांच्या दोन गोण्या आहेत, पाण्याच्या टाकीशेजारी ॲसिडचे तीन कॅन आहेत आणि हिरव्या पाण्याने भरलेली एक काचेची बरणी आहे. परवा त्यांनी आणखी एक बरणी लावली, तर तिच्यातून विटकरी रंगाचा धूर आला. त्या रात्रीपासून खोकताहेत. थंडीमुळे आहे म्हणतात, दवाखान्यात यायला तयार नाहीत.

मी काही बोलले की म्हणतात, ‘एका शास्त्रज्ञाने नोबेलची पदकं ॲसिडमध्ये विरघळवून त्यातून पुन्हा सोनं काढलं होतं, तुला काय कळतंय?’ आता पारा कुठे मिळेल याची चौकशी चालू आहे. सुट्टीत नातवंडं यायची आहेत. सगळं सामान एका दिवसात भंगारात देऊन टाकावंसं वाटतं. पण खरं सांगते, त्यांना इतकं रमलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते मोडायचंही जिवावर येतं. काय करू?

— गच्चीकडे बघत बसणारी

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मध्येच कुठेतरी लिहून गेलात: विटकरी धूर, आणि त्या रात्रीपासूनचा खोकला. पत्र हाती पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला एवढंच कळवलं होतं की त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या. तुम्ही नेलंत, छाती तपासून झाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीच्या वाचकांसाठी ते इथे पुन्हा लिहिते, कारण हा छंद असलेल्या कुणाच्याही घरी ही वेळ येऊ शकते.

तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. नायट्रिक ॲसिड तांब्यावर पडलं की तो निघतो, आणि सर्किट बोर्डात तांबं भरपूर असतं. या वायूची खोड अशी की त्या क्षणी तो फारसा त्रास देत नाही. थोडा ठसका लागतो, माणूस बाजूला होतो, बरं वाटतं. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. काही जणांना मधे चांगलं वाटून काही आठवड्यांनी पुन्हा धाप लागते. म्हणून ‘आता बरं आहे’ यावर इथे विसंबायचं नाही. आणि डॉक्टरांना नुसतं ‘खोकला आहे’ असं सांगू नका. ‘नायट्रिक ॲसिडचा विटकरी धूर छातीत गेलाय, अमुक दिवशी, साधारण इतका वेळ’ असं सांगा. त्या एका वाक्याने तपासण्याची दिशाच बदलते. यजमानांना पुढचा महिनाभर जिना चढताना दम लागला तर पुन्हा दाखवा.

आता ते कॅन. ते पाण्याच्या टाकीशेजारून हलले पाहिजेत, आणि ते काम त्यांनीच करायचं, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून. कॅन एकमेकांत ओतायचे नाहीत. लेबल नसेल तर उघडून वास घ्यायचा नाही. मोरीत ओतायचं नाही. फरशी पुसायच्या किंवा कपड्यांच्या ब्लीचजवळ तर मुळीच ठेवायचं नाही, कारण हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो. हिरव्या पाण्याच्या बरणीला झाकण घट्ट लावू नका. आत अजून काही चालू असेल तर वायू साठून काच फुटते. बरणी एका खोल प्लास्टिकच्या टबात उभी ठेवा, म्हणजे तडकली तरी पाणी टबाबाहेर जाणार नाही. त्या पाण्यात तांबं आहे, निकेल आहे, जुने बोर्ड असतील तर शिसंही असेल. ते सोडा घालून मवाळ केलं तरी धातू त्यातच राहतात. म्हणून ते घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच गेलं पाहिजे. वाट सापडत नसेल तर एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात जाऊन विचारा. प्रयोगशाळेतलं टाकाऊ ॲसिड त्यांना नेहमीच मार्गी लावावं लागतं, ते नीट सांगतील.

मी पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. एकदा मोठ्या सुट्टीच्या आधी घाईघाईत मी हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली चिमटे-कात्र्यांच्या लोखंडी कपाटात ठेवून दिली. झाकण लावलेलं होतं, एक थेंबही सांडला नव्हता. महिन्याने कपाट उघडायला गेले तर दार बिजागरीतून सुटून हातातच आलं. आत प्रत्येक चिमट्यावर तांबूस भुगा. बंद झाकणाआडून झिरपणारी वाफ एवढं करू शकते, हे मला तोपर्यंत फक्त पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही आज गच्चीच्या दाराची कडी बघा, टाकीच्या नळाची चावी बघा, कपडे वाळत घालायच्या तारेचे हूक बघा. त्यांच्यावर गेल्या काही महिन्यांत नवा गंज चढला असेल, तर तीच हवा तुम्ही दोघं श्वासात घेताय. ती कडी यजमानांना दाखवा. आयुष्यभर यंत्रं सांभाळलेल्या माणसाला गंज बरोबर वाचता येतो.

ते सांगतात ती पदकांची गोष्ट खरी आहे, आणि मला ती फार प्रिय आहे. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा मोठा गुन्हा होता, आणि पदकांवर तर नावं कोरलेली. जॉर्ज द हेवेशी यांनी ती पदकं अम्लराज नावाच्या ॲसिडांच्या मिश्रणात विरघळवली आणि ते द्रावण फळीवर ठेवून दिलं. संस्थेची झडती झाली, त्या बाटलीकडे कुणी बघितलंही नाही. युद्ध संपल्यावर द्रावणातून सोनं परत काढलं आणि नोबेल फाउंडेशनने त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवून दिली.

गोष्ट खरी, पण तिच्यात पदक होतं. त्या काळची नोबेल पदकं तेवीस कॅरेटची, म्हणजे जवळजवळ निव्वळ सोनं. विरघळवणारा होता जन्म प्रयोगशाळेत घालवलेला रसायनशास्त्रज्ञ. अम्लराज म्हणजे साधारण तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक ॲसिड. दोघांपैकी एकट्याला सोनं दाद देत नाही. नायट्रिक सोन्याचा इवलासा अंश सोडवतं, हायड्रोक्लोरिकमधला क्लोराइड तो लगेच पकडून बाजूला नेतो, म्हणून पुढचा अंश सुटतो. निव्वळ सोनं असेल तर हा हिशेब सरळ चालतो. बोर्डावर मात्र सोनं सगळ्यात कमी आणि बाकीची गर्दी सगळ्यात जास्त: काचतंतू, राळ, तांबं, निकेल, सोल्डरमधलं कथील. त्यातलं कथील तर या कामाचा वैरी. द्रावणात कथील आलं की सोनं अतिसूक्ष्म जांभळट कणांत बाहेर पडून गाळात अडकतं. ना ते नीट विरघळलेलं राहतं, ना खाली बसतं. यजमानांना बरणीच्या तळाशी बसता न बसणारा जांभळट-करडा गाळ दिसला असेल, तर त्यांचं सोनं तिथेच गेलं आहे.

आणि मुळात ते सोनं असतं किती? इथे मी त्यांना एक गणित मांडायला सांगेन. तुम्ही शेजारी बसा, फूटपट्टी तुमच्या हातात घ्या. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन १९.३ ग्रॅम. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा सोन्याचा थर असेल, तर त्याचं वजन भरतं १.९३ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम सोन्यासाठी असा सुमारे ५१८ चौरस सेंटिमीटर मुलामा हवा. कार्डाची जी कडा खाचेत सारखी घालायची-काढायची असते, तिच्यावरचा चांगला जाड मुलामासुद्धा साधारण पाऊण मायक्रॉनचा असतो. बोर्डाच्या इतर भागांवर दिसणारी सोनेरी झळाळी बहुतेक वेळा ०.०५ ते ०.१ मायक्रॉनची. ०.१ मायक्रॉन धरलं तर एका ग्रॅमसाठी अर्ध्या चौरस मीटरहून जास्त सोनेरी पृष्ठभाग लागेल, आणि तोही नुसत्या पिवळ्या पट्ट्यांचा, अख्ख्या बोर्डाचा नव्हे. त्यांनी त्या दोन गोण्यांतल्या पिवळ्या कडा मोजाव्यात, लांबी गुणिले रुंदी करावी, आणि येणाऱ्या आकड्यासमोर तीन कॅन ॲसिड, जुनी दारं-कड्या आणि स्वतःची फुप्फुसं मांडावीत. तुम्ही शंभर वेळा ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्यांच्याच हस्ताक्षरातला तो कागद जास्त काम करेल असं मला वाटतं.

गोण्या मात्र भंगारात देऊ नका, निदान त्यांच्या नकळत तर नाहीच. त्या कामातला निवडण्याचा भाग चांगला आहे आणि तो घरात करता येतो. पिवळ्या कडा कात्रीने कापून वेगळ्या, पिना वेगळ्या, चिप वेगळ्या, प्रत्येकाचं वजन वहीत. नीट निवडलेला माल ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत कारखान्याकडे द्यायचा. तिथे धूर शोषणारी यंत्रणा असते आणि तांबं, चांदी, पॅलेडियमसुद्धा वाया जात नाही. दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. बोर्ड जाळायचे नाहीत, त्यातल्या आगरोधक रसायनांपासून डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. आणि जुन्या रेडिओ-यंत्रणेतल्या पॉवर ट्रान्झिस्टरचा पांढरा चिनी मातीसारखा भाग फोडायचा किंवा घासायचा नाही. काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कायमची इजा करते.

पाऱ्याबद्दल मी एकही पळवाट ठेवणार नाही. पारा घरात येता कामा नये. पारा सोन्याचे कण स्वतःत ओढून घेतो हे खरं, म्हणून शतकानुशतकं तो वापरला गेला. पण मग ते सोनं सुटं करायला पारा तापवून उडवावा लागतो. तो उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला, वाफ मात्र खोलीच्या साध्या तापमानालाही होत राहते. त्या वाफेला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. सांडलेला थेंब फरशीच्या सांध्यात जाऊन बसला तर महिनोन्महिने तिथून वाफ येत राहते, आणि जमिनीलगत रांगणाऱ्या-खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती सगळ्यात जास्त येते. जगभर लहान प्रमाणावर चालणारं सोन्याचं खाणकाम हा आज माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत आहे. २०१३ साली झालेल्या मिनामाता कराराने त्याला आवर घालायचं ठरवलं, आणि २०१७ पासून तो करार लागू आहे. फिलिपिन्समधल्या बेंगेट भागातले अनेक खाणकामगार पाऱ्याशिवाय काम करतात: आधी पाण्याने धुऊन सोन्याचे जड कण नीट वेगळे गोळा करायचे, मग टाकणखार घालून मुशीत वितळवायचे. ज्यांचं पोट त्यावर आहे ते जर पाऱ्यावाचून निभावून नेत असतील, तर हौसेला पारा कशाला?

आता नदी. इथे मला मनापासून लिहायचं आहे, कारण तुमच्या यजमानांनी चांगला भाग लवकर सोडला आणि वाईट भाग धरून ठेवला.

नदी सोनं तयार करत नाही. वरच्या अंगाच्या डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा झिजतात, त्यातले कण ती वाहून आणते आणि जडपणाप्रमाणे लावून ठेवते. वर सोनंच नसेल तर खाली कितीही वाळू धुतली तरी नुसता व्यायाम होतो. म्हणून पहिली पायरी घरी, टेबलावर: भूशास्त्र खात्याचे नकाशे, जुन्या खाणींच्या नोंदी, कुठल्या नदीत पूर्वी कण सापडले आहेत याची माहिती. जिथे आधी सापडलंय तिथेच नवशिक्याने जायचं. हौशी माणूस नवी खाण शोधायला निघाला की निराश होऊनच परततो.

योग्य नदी मिळाली तरी सगळीकडे सारखं नसतं. पाण्याचा जोर जिथे एकदम कमी होतो तिथे सोनं हातातून सुटल्यासारखं खाली पडतं. नदीच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागची, प्रवाहापासून आडोशाची जागा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे उघड्या कातळात प्रवाहाला आडवी गेलेली फट. माझा अंदाज आहे की यजमानांनी काठावरची स्वच्छ, मऊ, वरवरची वाळू घमेल्याने भरून आणली असेल. ती उचलायला सोपी म्हणून सगळे तीच आणतात. पण सोनं इतकं जड की प्रत्येक पुरात ते हलत हलत खाली जातं, तळाच्या कातळावर किंवा चिकणमातीच्या घट्ट थरावर जाऊन टेकतं. फटीत वाकवलेला स्क्रूड्रायव्हर घालायचा, गोटे उपसायचे, आणि अगदी तळाशी घट्ट बसलेली ती चमचाभर माती खरवडून परातीत घ्यायची. दोन घमेली वाळूपेक्षा तो एक चमचा मोलाचा.

मग परात धुणं. कोरड्यात सोनं गारगोटीपेक्षा सुमारे सातपट जड असतं, १९.३ विरुद्ध २.६५. पाण्यात बुडवलं की पाणी दोघांनाही सारखंच उचलून धरतं, दोघांतून एक-एक वजा होतो, उरतात १८.३ आणि १.६५. फरक सातपटीवरून अकरापटीवर जातो! म्हणून परात सगळा वेळ पाण्याखाली ठेवायची. आधी मातीची ढेकळं बोटांनी चुरायची, चिकणमाती राहिली तर ती कण पोटात घेऊन बाहेर जाते. मोठे गोटे धुऊन टाकायचे. मग परात आडवी धरून डावी-उजवीकडे जोरात हलवायची, जड ते तळाला जाईपर्यंत. त्यानंतर थोडी तिरपी करून पुढची कड पाण्यात बुडवायची, वर काढायची, बुडवायची, वर काढायची, वरचा हलका थर जाऊ द्यायचा. पुन्हा सपाट, पुन्हा हलवणं. घाई करणारे हे ‘पुन्हा’ विसरतात आणि सोनं नदीला परत देतात.

शेवटी तळाला काळी वाळू उरते. ती मुख्यतः मॅग्नेटाइट, लोहचुंबकाला चिकटणारी. अर्धी वाटी पाणी घ्यायचं आणि परात हळूच गोल फिरवायची. काळी वाळू चंद्रकोरीसारखी पसरत पुढे सरकते, आणि तिच्या शेपटाला, सगळ्यात मागे, एक पिवळा ठिपका अडून राहतो. तो बाकीच्यांबरोबर जात नाही. पाणी त्याच्यावरून जातं, काळे कण त्याला वळसा घालून जातात, तो तिथेच.

माझा पहिला कण मी असाच बघितला आणि दुसऱ्या मिनिटाला गमावला. हाताला क्रीम लावलेलं होतं, त्याचा तेलकटपणा पाण्यावर आला, आणि तो पातळ, चपटा कण चक्क पाण्यावर तरंगत कडेवरून निघून गेला. एवढं जड सोनं, पण कण पापुद्र्यासारखा असला आणि तेलकट झाला की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्याला वर धरून ठेवतो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून मी परातीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकते, कण मुकाट तळाला जातात.

चमकतं ते सगळं धरून बसू नका. ऊन असताना परातीवर आपली सावली पाडून बघा. अभ्रक आणि पायराइट (सोन्यासारखं दिसणारं लोखंडाचं खनिज) सावलीत विझतात, सोनं सावलीतही तसंच पिवळं राहतं. शंका असेल तर सुईचं टोक दाबा: सोनं दबतं, पायराइट फुटतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

मिळेल किती, हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुन्हा निराशा नको. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि मिलिमीटरचा दहावा भाग जाड असा कण डोळ्यांना छान दिसतो. त्याचं वजन अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं कमी. असे सुमारे दोन हजार कण मिळाले की एक ग्रॅम. दिवसभरात पाच-दहा कण मिळाले तर तो चांगला दिवस समजायचा. खर्च निघेल या आशेने कुणी हे करू नये. पण एवढासा ठिपका बाटलीच्या तळाशी पडून सरळ बुडतो, बाटली कशीही फिरवली तरी आपल्या जागी परत येतो, ते बघायला दोन हजार कण लागत नाहीत.

परवानगीशिवाय मात्र नदीत उतरू नका. बहुतेक देशांत जमीन एकाची आणि तिच्यातलं खनिज सरकारचं असतं, आणि हौशी माणसासाठीचे नियम जागोजागी वेगळे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी दहा वर्षांचा परवाना काढतात. न्यूझीलंडमध्ये काही ठरावीक जागा हौशी लोकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, तिथे फक्त हाताची अवजारं चालतात. तुमच्याकडे काय आहे ते लेखी विचारून घ्या. अभयारण्य टाळा. काठ खणून आत शिरू नका, भिजलेला काठ न सांगता अंगावर येतो. खड्डा केला तर बुजवूनच निघा, माशांच्या अंडी घालायच्या जागी गढूळ पाणी सोडू नका, आणि वरच्या अंगाला पाऊस दिसला की सामान उचला.

राहिलं ते ‘तुला काय कळतंय’. ते लागलं असणार तुम्हाला. १८४८ च्या २४ जानेवारीला कॅलिफोर्नियात जेम्स मार्शल यांना लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे खडे दिसले. रात्री पाट उघडा सोडायचे, पाणी माती वाहून न्यायचं, आणि सकाळी मार्शल पाहणी करायचे. त्यांनी खडा ठोकून बघितला, तो चपटा झाला, फुटला नाही. पण छावणीतल्या बाकीच्यांची शंका फिटेना. तिथे स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमर यांनी साबण करायच्या कढत्या क्षाराच्या कढईत तो खडा टाकला आणि रात्रभर राहू दिला. सकाळी कढईच्या तळाशी तो तसाच झळकत होता, क्षाराने त्याचं काही बिघडलं नव्हतं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या सोन्याची ही पारख एका स्वयंपाक करणाऱ्या बाईने केली. ही गोष्ट त्यांना सांगा, पदकांच्या गोष्टीच्या बदल्यात.

तुम्ही मला लिहिलंत की त्यांना इतकं रमलेलं कधी बघितलं नव्हतं. हे त्यांना सांगितलं आहे का? मला वाटतं, त्यांच्या कानावर आतापर्यंत फक्त धूर, कॅन आणि पसारा एवढंच आलं आहे. आधी हे सांगा, आणि लगेच पुढचंही सांगा: नातवंडं येण्याच्या आधी ॲसिड घराबाहेर गेलेलं असेल, यावर वाटाघाट नाही. गेलं नाही तर मुलं येणार नाहीत, आणि का येणार नाहीत ते आजोबांनी स्वतः त्यांना सांगायचं. नेमस्त आवाजात, एकदाच. मग त्याच बसणीत नदीचा दिवस ठरवा, आणि तुम्हीही बरोबर जा. कातळाच्या फटीतली माती उकरायला बारीक नजर आणि धीर लागतो, तो तुमच्याकडे आहे हे पत्रावरून दिसतंच आहे.

जाण्याआधी घरी एका टबात सराव करा. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे बारीक दाणे घ्या, दहा मोजून, हातोडीने चपटे करा. शिशाची घनता ११.३, सोन्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे शिसं राखता आलं तर तेवढ्याच आकाराचं सोनं नक्की राखता येईल. परातभर वाळूत ते दहा तुकडे मिसळा आणि धुऊन बघा. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा आणि दाणे डबीत बंद करा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोघांनी आळीपाळीने करा. पहिल्या दिवशी दहापैकी किती हाती आले, त्यांचे किती आणि तुमचे किती, ते मला कळवा.